बळद रिकामं झाल्यावर

निलंगा तालुक्यातल्या जुन्या दगडी घरांच्या भिंती इतक्या जाड असत की त्यांच्या पोटात धान्य मावे. भिंतीत सोडलेल्या त्या पोकळीला बळद म्हणत. वरून ज्वारी ओतायची, मधून मधून लिंबाचा वाळलेला पाला टाकायचा, तोंड शेणामातीने लिंपून घ्यायचं आणि लागेल तशी खालच्या भोकातून काढायची. ज्याच्याकडे जास्त पिके, त्याच्या अंगणात किंवा गावाच्या पांढरीत जमिनीत खणलेलं पेव असे. ज्याच्याकडे कमी, त्याच्या घरात तुराट्यांची विणून सारवलेली कणगी. भूमिहीनाच्या घरी उतरंडीतली चार मडकी. पण धान्य घरात असे आणि घर चालवण्याची सगळी अक्कल त्या धान्याभोवती उभी राहिलेली असे.

घरात आहे त्यात भागवणं हा विषय निघाला की आपल्याकडे लगेच स्वभावाची चर्चा सुरू होते. जुनी माणसं काटकसरी होती, नवी उधळी झाली, असं सांगून विषय मिटवला जातो. मला हे पटत नाही. या भागातल्या बाईची काटकसर तिच्या स्वभावाइतकीच तिच्या शेतातून आलेली होती. शेत जे घरात आणून टाकी, त्यातला कण न् कण वापरण्याची रीत तिने पिढ्यान्‌पिढ्या बसवली. शेत बदललं, घरात काही येईनासं झालं, आणि त्या रीतीखालची जमीनच सरकली. हा लेख त्या रीतीविषयी आहे आणि ती का मोडली याविषयीही.

निलंगा हा सीमेवरचा तालुका. 1956 पर्यंत तो बिदर जिल्ह्यात होता, भाषावार पुनर्रचनेत उस्मानाबादेत (आताच्या धाराशिवात) आला आणि 15 ऑगस्ट 1982 ला लातूर जिल्हा झाला तेव्हा लातूरला जोडला गेला. तेरणा नदी याच तालुक्यातून वाहत औराद शहाजानीच्या बाजूला मांजरेला मिळते, पलीकडे कर्नाटक. जमीन बहुतेक काळी, पाऊस बेभरवशाचा. अशा मुलखात ज्वारी हे नुसतं पीक नव्हतं, सगळ्या घराचा तो आधार होता.

एका ज्वारीचं काय काय होई ते पाहा. दाणा कोवळा असताना हुरडा. पिकल्यावर भाकरी. जात्यात भरडल्या तर कण्या. त्या ताकात शिजवल्या की म्हाताऱ्याकोताऱ्यांचं आणि आजाऱ्याचं जेवण. पीठ ताकात कालवून आंबवलं की आंबील. कडब्याच्या पेंढ्या बैल-म्हशीला, आणि वेळ अमावस्येच्या दिवशी त्याच पेंढ्यांची शेतात कोप, म्हणजे खोपटी. जनावराचं शेण सारवणाला, उरलेल्याच्या गवऱ्या. रानातली धसकटं वेचून आणली की चुलीला जळण. चुलीतली राख भांडी घासायला आणि बियाण्याला चोळायला, कीड लागू नये म्हणून. खळ्यावरचं भुसकटही वाया जात नसे, ते जनावरांच्या पुढ्यात जाई. यातली एकही गोष्ट विकत आणावी लागत नव्हती आणि एकही फेकून द्यावी लागत नव्हती.

ज्वारीच्या पाटांमधून तूर, कडेने अंबाडी, बांधालगत करडई. अंबाडीचा पाला भाजीला. तिच्या सालीच्या वाखाची दावी, कासरे, बाजेची सुंभं. आणि साल काढून उरलेल्या सणकाड्या चूल पेटवायला. तुरीची डाळ घरी भरडलेली, तुराट्यांचे कूड आणि छपरं. करडई तर या भागाचं घरचं तेल. कोवळी असताना तिची भाजी होई, मोठी झाल्यावर तिच्या काट्यांमुळे जनावर ज्वारीत शिरत नसे, आणि दाणे घाण्यावर नेले की तेल आपलं आणि पेंड जनावराची. घाणेवाल्याला मजुरी दिली की वर्षभराच्या फोडणीची सोय झाली.

या सगळ्याचा सण म्हणजे वेळ अमावस्या, इथल्या तोंडी येळवस. मार्गशीर्षातली ही अमावस्या लातूर, धाराशिव, सोलापूर, बिदर या पट्ट्याबाहेर फारशी कुणाला ठाऊक नाही. लातूर जिल्ह्यात त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते, गावं आणि बाजारपेठा ओस पडतात, सगळी माणसं रानात. कोपीत पांडवांची पूजा होते आणि मग जेवण: आंबील, ज्वारी-बाजरीचे उंडे, भाकरी, आणि भज्जी. भज्जी म्हणजे त्या दिवसांत रानात आणि परसात जे ओलं मिळेल ते सगळं, तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे दाणे, हरभरा, मेथी, कांद्याची पात, गाजर, हरभऱ्याच्या पिठात आणि आंबटात शिजवलेलं. ज्याला शेत नाही त्यालाही बोलावून वाढायचं, ही रीत आहे. महाराष्ट्रात बाकी बहुतेक सणांचं पक्वान्न बाजारातून साखर किंवा गूळ आणल्याशिवाय होत नाही. येळवशीचं ताट मात्र शेतातूनच भरतं.

उन्हाळा हा साठवणीचा मोसम. ज्वारी-बाजरीच्या खारोड्या, गव्हाच्या कुरडया, डाळीचे सांडगे, येसराचं पीठ. हिवाळ्यात वांगी उदंड येतात आणि त्यांना भाव नसतो. तेव्हा ती चिरून, वाळवून ठेवलेल्या उसऱ्या जेठात-आषाढात, रानात हिरवं काही नसताना, भाजीला येतात. शिळ्या भाकरीचे कुटके करून त्यांना कांद्या-मिरचीची फोडणी दिली की सकाळची न्याहारी झाली. शिळ्या भाताला हळद-फोडणी घातली की पोरांचा डबा. आज लातूरपासून पुण्यापर्यंत गाड्यांवर ‘निलंगा राईस’ या नावाने पिवळा फोडणीचा भात मिळतो, तो याच घरगुती सवयीचा बाजारातला भाऊ आहे. हुलगा जमिनीच्या हलक्या तुकड्यावरही येतो, म्हणून त्याचं माडगं आणि शेंगोळे. घरात भाजी नाही आणि बाजार लांब, अशा दिवशी शेंगोळे एका भांड्यात होतात आणि सोबत दुसरं काही लागत नाही.

कापडाची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण तिच्यात कष्ट जास्त होते आणि ते दिसत नसत. सुती लुगडं बसण्याच्या जागी आधी विरतं. ते मधून कापायचं, विरलेला भाग काढायचा, धड टोकं एकमेकांना जोडायची. याला दंड घालणं म्हणतात. दंड घातलेलं लुगडं आणखी वर्षभर नेसलं जाई. त्यानंतर त्याच्या चांगल्या भागातून पाळण्यातल्या बाळाची झबली-टोपरी आणि लंगोट. उरलेलं वाकळीत: आत जुनी धोतरं, फाटकी धडुती यांचे थर, वर लुगड्याचा पदर, आणि कडेपासून आत फिरत जाणारा धावदोरा. पाऊस लागला की शेतातलं काम थांबे आणि ओसरीवर वाकळा निघत. वाकळही फाटली की तिच्यावर नवा थर चढे. अगदी शेवटी जी चिंधी उरे तिचं पोतेरं, चूल सारवायला.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये अशीच वेळ आली होती. 1 जून 1941 ला तिथे कपड्यांचं रेशनिंग सुरू झालं. सुरुवातीला प्रत्येक प्रौढाला वर्षाकाठी 66 कुपनं मिळत. 1943 मध्ये सरकारने ‘मेक डू अँड मेंड’ नावाची पुस्तिका काढली: जुन्या कोटाचा मुलाचा कोट कसा करावा, लोकरीचे मोजे कसे रफू करावेत, चादर मधून फाडून कडा आत कशा घ्याव्यात. निलंग्याच्या बाईला ती पुस्तिका वाचून नवं काही कळलं नसतं. पण त्या रेशनिंगमधली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ती तंगी सगळ्यांना लागू होती. कुपनं श्रीमंतालाही लागत; 1947 मध्ये राजकन्या एलिझाबेथच्या लग्नाच्या पोशाखालाही ती लागली. आपल्याकडे तंगीची अशी वाटणी कधी झाली नाही.

2016 चा उन्हाळा आठवा. मांजरा धरण कोरडं पडलं. लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती मार्चमध्ये 144 कलम लावावं लागलं. 11 एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींची पाण्याची रेल्वे निघाली आणि दुसऱ्या दिवशी पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली. त्या महिन्यांत बाजेवर बसून आंघोळ करायची, खाली घमेलं ठेवायचं, त्या पाण्यात कपडे भिजवायचे आणि तेच पाणी शेवटी संडासाला, हे घरोघरी चाललं होतं. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी जनावराला जात होतं. याच जिल्ह्यात त्याआधीची कित्येक वर्षं ऊस वाढत होता आणि साखर कारखाने उभे राहत होते. तांब्याभर पाणी तीनदा वापरणाऱ्या बाईने वाचवलेलं सगळं पाणी एकत्र केलं, तरी उसाच्या एका पाळीला पुरलं नसतं. काटकसरीचं कौतुक करताना ती कोण करतं आणि कोणाला करावी लागत नाही, हे विचारलंच पाहिजे.

घराच्या आतही हेच. आधी पुरुष, मग मुलं, मग सासू, शेवटी सून. सकाळची उरलेली भाकरी तिने खायची, भाजी संपली तर तिखट-मिठाशी खायची, दूध कमी असेल तर तिचा चहा कोरा. वाया काही जाऊ न देण्याच्या या रीतीत उरल्यासुरल्याची धनीण नेहमी एकच असे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 2021 दरम्यान, महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 54.2 टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. याची कारणं अनेक आहेत, पण शेवटी आणि उरेल तेवढं जेवणं हे त्यातलं एक आहेच. धुराच्या चुलीशी, धसकटांच्या भाऱ्याशी आणि पहाटेच्या जात्याशी तिला परत नेऊन बसवावं असं मी म्हणणार नाही. गॅसची शेगडी आणि पिठाची गिरणी या तिच्या आयुष्यात आलेल्या मोठ्या सोडवणुका आहेत.

आणि हाताशी आहे त्यात भागवणं माणसाच्या जिवावरही उठू शकतं. या भागाने ते ज्या रात्री पाहिलं, ती विसरणं शक्य नाही.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. औसा, निलंगा आणि उमरगा तालुक्यांतली गावं कोसळली, हजारो माणसं झोपेत गेली. भूकंपाची तीव्रता 6 च्या थोडी वर होती. एवढ्या तीव्रतेत इतकी माणसं का गेली याचं उत्तर अभियंत्यांना घरांच्या बांधणीत सापडलं. भिंती रानातल्या दगडांच्या, चिखलात रचलेल्या. आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधणारे लांब दगड घातलेले नाहीत, कारण असे दगड घडवायला पैसा लागतो आणि रानातले गोटे फुकट मिळतात. वर माळवद: लाकडावर पांढऱ्या मातीचा जाड थर. माळवद गळू लागलं की पावसाळ्याआधी वरून आणखी पांढरी माती टाकायची, हा सगळ्यात स्वस्त आणि घरच्या घरी होणारा उपाय. जुनी माती कोणी काढत नसे. आज्याने टाकली, बापाने टाकली, मुलाने टाकली. छप्पर दर पिढीला जड होत गेलं आणि त्या पहाटे भिंतींसकट खाली आलं. ज्या घरांत छताचा भार खांबांच्या लाकडी खणांवर होता, त्यातल्या बऱ्याच घरांच्या भिंती पडूनही छत खांबांवर तरलं आणि खालची माणसं वाचली.

भूकंपानंतर 52 गावं पूर्णपणे नव्या जागी वसवण्यात आली. जागतिक बँकेच्या मदतीच्या पुनर्वसन कार्यक्रमात बाकीच्या शेकडो गावांत पडझड झालेली घरं दुरुस्त आणि मजबूत करण्याचं काम झालं. तिथे शिकवलेल्या गोष्टी साध्या होत्या: माळवदावरची जास्तीची माती उतरवा, भिंतीत मधून मधून आरपार दगड किंवा काँक्रीटचे सांधे घाला, वर पट्टा फिरवा. घर तेच, दगड तेच. फक्त जाणकाराचा सल्ला आणि थोडं सिमेंट-लोखंड. गावोगाव बायकांना ही माहिती देण्याच्या कामातून ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था पुढे आली. प्रेमा गोपालन यांनी ही संस्था उभी केली, आणि तिच्याकडे मला पुन्हा यायचं आहे.

आता शेताकडे. 1990 नंतरच्या वर्षांत सोयाबीन या जिल्ह्यात शिरलं आणि बघता बघता त्याने खरीप व्यापला. शेतकऱ्याला मूर्ख ठरवण्याचं काही कारण नाही. सोयाबीन शंभर-सव्वाशे दिवसांत हातात येतं, लातूरच्या बाजारात हमखास विकलं जातं, दसरा-दिवाळीला पैसा देतं. ज्वारीला पाखरं राखावी लागतात, रानडुकरं लोळवतात, काढणीला माणूस मिळत नाही, आणि रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागल्यापासून ज्वारी पिकवण्याची निकडही कमी झाली. ट्रॅक्टर आले, बैल गेले, मग कडबा कोणासाठी?

पण सोयाबीन घरात काय आणतं? कच्चा दाणा पचत नाही, तो प्रक्रिया केल्याशिवाय नीट खाण्याजोगा होत नाही. त्याची भाकरी नाही, वरण नाही, हुरडा नाही. काड जळणाला फारसं उपयोगी नाही, भुसकट जनावर खातं पण कडब्याची सर त्याला नाही. पोतं खळ्यावरून थेट अडत्याकडे जातं आणि घरात येतात ते फक्त पैसे. त्या पैशात ज्वारी, डाळ, तेल, मिरची, कडबा, सगळं विकत घ्यायचं. करडईचं घरचं तेल खाणारा शेतकरी आता पिशवीतलं तेल आणतो. भाव पडला की घर एकदम उघडं पडतं. 2024-25 च्या हंगामात केंद्राने सोयाबीनला क्विंटलला 4,892 रुपये हमीभाव जाहीर केला होता, आणि बाजारातला भाव कितीतरी दिवस त्याच्या बराच खाली होता. ज्वारीचा भाव पडला तर निदान ज्वारी खाता येत होती. सोयाबीनचा भाव पडला तर ताटात काहीच पडत नाही.

2022 च्या दिवाळीत राज्य सरकारने ‘आनंदाचा शिधा’ दिला. शंभर रुपयांत एक किलो रवा, एक किलो हरभऱ्याची डाळ, एक किलो साखर आणि एक लिटर पामतेल. गरीब घराच्या दिवाळीला त्याने हातभार लागला, त्याला नावं ठेवणार नाही. पण तेलबियांच्या जिल्ह्यात दिवाळीचं तेल परदेशातल्या तेलताडाच्या बागांमधून यावं, ही घराघरातली तेलाची बुधली रिकामी झाल्याची सरकारी नोंद आहे.

म्हणून आज निलंग्यातल्या तरुण सुनेला काटकसर शिकवायला जाणं मला अन्यायाचं वाटतं. ती काटकसर करतेच. तिच्या हातात आता फक्त पैशाची काटकसर उरली आहे, आणि पैशाच्या काटकसरीला एकच वाट असते: कमी आणा, कमी खा. डाळ पातळ करा, तेल मोजून घाला, भाजी एक दिवसाआड. तिच्या सासूकडे दुसरी वाट होती. वस्तू घरात होती, तिला हात लावून, वाळवून, आंबवून, शिवून तिच्यातून दोन गोष्टी काढता येत होत्या. नायलॉनच्या साडीची वाकळ होते, पण ती घामाला शोषत नाही आणि अंगावर टिकत नाही. विकतच्या पिठातून कण्या निघत नाहीत.

हे उलटं फिरवता येईल का? मोठ्या प्रमाणावर नाही, पण घरापुरतं येतं, आणि ते याच भागातल्या बायकांनी करून दाखवलं आहे. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ने गेल्या दशकातल्या दुष्काळाच्या वर्षांत लातूर, धाराशिवकडच्या बायकांबरोबर एक पद्धत बसवली. बाईने घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर तुकडा आपल्या ताब्यात मागून घ्यायचा. त्यात कडधान्यं, भाज्या, ज्वारी-बाजरी यांची मिसळ पेरायची, बियाणं शक्यतो घरचं, खत शेणाचं आणि गांडुळाचं. पहिला वाटा घरच्या ताटाला, उरेल ते बाजारात. बाकीच्या जमिनीत नवऱ्याने सोयाबीन लावावं, ऊस लावावा, त्याला हरकत नाही. 2016 मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. प्रेमा गोपालन 2022 मध्ये गेल्या.

या पद्धतीत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो तुकड्याचा ताबा. जुन्या रीतीत काय पेरायचं ते पुरुष ठरवी आणि जे येईल त्यात भागवायचं काम बाईचं. इथे पेरणीच तिच्या हातात आहे. घराला काय लागतं हे जिला ठाऊक, तिनेच बी निवडलं तर शेंगदाणे-तीळ-करडई, अंबाडी, हुलगा, वाल हे सगळं त्या तुकड्यात परत येतं. भाव पडला, पाऊस चुकला, सोयाबीन पाण्यात गेलं, तरी त्या घराची चूल दुकानदाराच्या वहीवर अवलंबून राहत नाही. आणि ती बाई शेवटी जेवत असली तरी ताटात काय असावं ते निदान तिने ठरवलेलं असतं. पुढचं पाऊल तिला सगळ्यांबरोबर बसवण्याचं आहे. त्याला सरकारी योजना लागत नाही.

अडचणी आहेत. जमीन पुरुषाच्या नावावर असते आणि नाव नाही म्हणून पीकविमा, कर्ज, नुकसानभरपाई बाईला मिळत नाही. गावरान ज्वारी-करडईचं बियाणं कृषी सेवा केंद्रात सहजी मिळत नाही. करडईचे घाणे गावोगावचे बंद पडले. भूमिहीनाला तर तुकडाच नाही. त्याच्यासाठी गायरानातला, शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या पडीक जागेतला वाटा मिळवावा लागेल. त्यासाठी गावाला ठराव करावा लागेल, आणि ठराव करायला ग्रामसभेत बायका हव्यात.

तुम्ही निलंगा, औसा, उमरगा, देगलूर, उदगीर या भागातले शेतकरी असाल, तर येत्या रब्बीत चार पाट ज्वारी, चार पाट करडई आणि खरिपात बांधाला अंबाडी घरासाठी म्हणून लावा, आणि त्या पाटांवर काय लावायचं ते घरातल्या बाईला विचारा. तुम्ही शहरात असाल, तर लातूर-नांदेडची ज्वारी आणि करडईचं तेल मागून घ्या. मागणी असेल तर घाणे पुन्हा सुरू होतील. आणि सरकारला सणाचा शिधा जेव्हा केव्हा द्यायचा असेल, तेव्हा त्यातली डाळ, ज्वारी आणि तेल मराठवाड्यातल्या बायकांच्या गटांकडूनच विकत घ्यावं.